मावशीचा मोबाईल टीआरपीत धरत नाहीत

ऑक्टोबर 2024 मधल्या एका शनिवार-रविवारची गोष्ट. शनिवारी, 5 तारखेला, वाशिम जिल्हा देशभरच्या टीव्हीवर होता. पंतप्रधान पोहरादेवीला आले, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि पीएम-किसानचा अठरावा हप्ता आपल्याच जिल्ह्यातून सुटला. रविवारी, 6 तारखेला, 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या सीझनचा महाअंतिम सोहळा होता. मालेगाव तालुक्यातली माझी मावशी शनिवारी सभेला गेली. रविवारी दिवसभर सोयाबीनची सोंगणी केली आणि रात्री ओसरीवर फोन तांब्याला टेकवून निकाल पाहिला. सोबत तिची सून, दोन नातवंडं आणि सोंगणीला आलेली शेजारीण. सूरज चव्हाण जिंकल्यावर जी ओरड झाली, ती मी माझ्या फोनवर मागाहून ऐकली, कारण नातवानं ती रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकली होती.

टीव्ही होता की घरात. पण डिशचं रिचार्ज पोळ्याच्या सुमारास संपलं होतं आणि सोयाबीन विकल्याशिवाय ते मारायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

या पाच जणांनी तो कार्यक्रम पाहिला हे मी पाहिलं, त्यांनी पाहिलं, ॲपवाल्यांनी पाहिलं. टीआरपीनं पाहिलं नाही.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे नोव्हेंबर 2025 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं काढलेला रेटिंगच्या नियमांचा सुधारित मसुदा. त्यातली बातमी तुम्ही वाचली असेल: मीटर बसवलेली घरं 58 हजारांवरून दीड वर्षात 80 हजारांवर न्यायची आणि पुढे टप्प्याटप्प्यानं 1 लाख 20 हजारांपर्यंत. देशात टीव्हीची घरं सुमारे 23 कोटी. म्हणजे आज मीटरची एक पेटी जवळजवळ चार हजार घरांच्या वतीनं बोलते. मंत्रालयानं स्वतःच दिलेली टक्केवारी 0.025 आहे.

हाच हिशेब वाशिमला लावून पाहा. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 11 लाख 97 हजार. घरात पाच माणसं धरली आणि प्रत्येक घरात टीव्ही आहे असंही उदारपणे मानलं, तरी आपल्या वाट्याला साठ पेट्या येतात. कारंजा, रिसोड, मानोरा, मंगरुळपीर, मालेगाव, वाशिम मिळून साठ! एका लग्नाच्या तिथीला त्यातली सहा घरं वऱ्हाडात गेली, तर जिल्ह्यानं दहा टक्के टीव्ही कमी पाहिला असं निघेल.

संख्याशास्त्राचे लोक यावर हसतील. शितावरून भाताची परीक्षा होते, अख्खं पातेलं खावं लागत नाही, असं ते म्हणतील आणि ते बरोबरच आहे. शिवाय या पेट्या जिल्ह्याचा निकाल लावायला नाहीतच. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक बाजार धरतात. माझी तक्रार शिताबद्दल नाही, पातेल्याबद्दल आहे. अनेक वर्षं या पातेल्यात खेडं नव्हतंच. बार्क ही संस्था 2015 मध्ये मोजणीला लागली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिल्यांदा ग्रामीण आकडे आले. त्याआधीच्या 'टॅम' या संस्थेच्या जमान्यात पेट्यांचा कारभार शहरांचा होता. ज्या काळात मराठी वाहिन्यांनी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या सासू-सुना आपल्या डोक्यावर बसवल्या, त्या काळात आपलं कुणी ऐकतच नव्हतं. हा योगायोग होता असं मला कुणी पटवून देऊ नये.

या विषयातला माझा तज्ज्ञ मुंबईत बसत नाही. वाशिमातच पाटणी चौकापासून चालत जाता येईल अशा गाळ्यात त्याची कंट्रोल रूम आहे. तीसएक वर्षं केबलचा धंदा. नाव छापू नका म्हणाला, कारण "लोकं पुन्हा बिलावरून भांडतीन." आधी छतावरची मोठी डिश, मग रस्त्यावरून झाडाझाडावर टाकलेली काळी वायर, मग 2017 च्या सुमारास सेटटॉप बॉक्सची सक्ती, मग 2019 मध्ये ट्रायचे नवे दर आणि एकेक वाहिनी निवडायचा तो गोंधळ. हे सगळं त्यानं गिऱ्हाइकाच्या शिव्या खात पार पाडलं.

त्याच्याकडे टीआरपी मोजायची स्वतःची रीत आहे. लाइन तुटली की तो घड्याळ पाहतो.

"पाच मिनिटांत किती फोन आले, थ्या टायमाला थोच टीआरपी. दुपारी तुटली तं एखादा फोन. रात्री साडेआठच्या पुढं तुटली तं मी फोन बंदच करून ठेवतो. मायमाउल्या थेट दुकानात येते."

2018 मध्ये पहिला 'बिग बॉस मराठी' लागला तेव्हाचं त्याला आठवतं. शो पाहतो असं लोक त्याला फोनवर कबूल करत नसत, पण लाइन तुटली की विचारत, "कधी चालू होईन?" दुसऱ्या सीझनच्या वेळी, 2019 मध्ये, कारंज्याकडून जास्त फोन आले. कारण उघड होतं. शिव ठाकरे अमरावतीचा, आणि कारंज्याला अमरावती जवळ. त्या 1 सप्टेंबरला शिव जिंकला तेव्हा "आपल्या वऱ्हाडचा" हा शब्द इकडच्या व्हॉट्सॲपवर किती वेळा फिरला असेल, ते मोजायला कुणी पेटी लावली नव्हती.

पाचव्या सीझनला मात्र त्याच्या फोनचा टीआरपी पडला. शो गाजत होता, पोरंसोरं सूरजच्या नकला करत होती, गणपतीच्या मंडपात 'गुलिगत' ऐकू येत होतं आणि लाइन तुटली तरी दुकानावर कुणी येत नव्हतं. "मले वाटलं, लोकायनं टीव्ही पाहनंच सोडलं. मंग समजलं, मोबाईलवर पाहून राह्यले." त्याच्या या वाक्याला देशभरचे आकडे दुजोरा देतात. पैसे भरून डिश घेणारी चालू कनेक्शनं 2021 च्या मार्चअखेर जवळपास 7 कोटी होती, 2025 च्या मार्चअखेर ती पावणेसहा कोटींच्या आत आली.

आता या पेटीचं काम कसं चालतं ते थोडक्यात, कारण मुद्दा तिथेच अडतो. वाहिनीच्या आवाजात माणसाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. पॅनलच्या घरातली पेटी ती खूण टिपते. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण. टीव्हीसमोर बसताना दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. पेटी कुणाकडे आहे हे गुपित ठेवतात आणि ठेवायलाच हवं. 2020 च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी आरोप केला होता, की काही घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला सांगितलं जात होतं. पुढे सरकारनं तो खटला मागे घेतला. आरोप खरा-खोटा काहीही असो, त्यातली किंमत माझ्या डोक्यातून जात नाही. एक पेटी चार हजार घरांच्या वतीनं बोलते, आणि तिला गप्प किंवा बोलकं करायचा भाव चारशे.

आणखी एक गंमत. पाहणारं घर कोणत्या ऐपतीचं, हे जाहिरातदाराला कळावं म्हणून घरातल्या कमावत्याचं शिक्षण आणि अकरा गोष्टींची यादी वापरतात. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी, आणि शेतजमीन. दोन एकर कोरडवाहूचाही एक गुण! शिक्षण सारखं धरलं, तर परळच्या भाड्याच्या खोलीतल्या घरापेक्षा आमची मावशी कागदावर वरच्या पायरीवर बसू शकते. तिच्या डिशचं रिचार्ज सोयाबीनवर अडलंय, हे त्या यादीत येत नाही.

पेटी फक्त टीव्हीशेजारी असते. तांब्याला टेकवलेल्या फोनशेजारी नसते. जाहिरातीचे दर अजून पेटीवर, आणि जिंकणं-हरणं मात्र फोनवर: रिॲलिटी शोची आजची सगळी गंमत या तफावतीत आहे असं माझं मत आहे.

पूर्वी ही तफावत एवढी नव्हती. 2005 च्या मार्चमध्ये अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला, 2009 मध्ये हिंगणघाटची वैशाली माडे हिंदी 'सारेगमप' जिंकली, त्याच वर्षी 'लिटल चॅम्प्स'मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड पहिली आली. तेव्हा टीव्हीवर पाहायचं आणि एसएमएस करायचा. त्या एसएमएसला जादा पैसे पडत, म्हणून घरातलं एकच माणूस एकदा-दोनदा मत देई, तेही बापाला विचारून. मत देणारा आणि टीव्हीसमोर बसलेला एकच असायचा.

2024 च्या त्या रविवारी मंचावर शेवटी दोघं उरले होते. एक तोच अभिजीत सावंत, एसएमएसच्या जमान्याचा विजेता. दुसरा बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण, जो टिकटॉकवर वाढला आणि 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यावर रील्सवर आला. ॲपच्या जमान्यानं एसएमएसच्या जमान्याला हरवलं. मावशीच्या घरातून त्या आठवड्यात किती मतं गेली, ते विचारलं तर ती म्हणाली, "म्या देलं, सुनेनं देलं, पोरायनं देलं. आपल्यावाणी गरिबाचं लेकरू हाय थे."

निवड करणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं होतं. त्या सीझनच्या घरात वर्षा उसगांवकर होत्या, तसेच रील्सवरचे अंकिता प्रभू-वालावलकर आणि कोल्हापूरचे धनंजय पोवारही होते. प्रत्येकानं आपला आपला मुलूख फोनमध्ये भरून आणला होता. याला मी नावं ठेवणार नाही. पेटीनं दहा-बारा वर्षांत खेड्याला जेवढी जागा दिली नाही, तेवढी 28 दिवसांच्या रिचार्जनं दिली. आणि ते रिचार्जही 2024 च्या जुलैच्या सुरुवातीला महागलं होतं; दिवसाला दीड जीबीचा 239 चा पॅक 299 वर गेला. शो लागला 28 जुलैला. लोकांनी तरी पाहिला.

पण ॲपचा हिशेब पेटीपेक्षा जास्त झाकलेला आहे, हेही सांगितलं पाहिजे. टीआरपीची पद्धत निदान कागदावर आहे, तिच्यावर संसदेपासून पानठेल्यापर्यंत वाद होतो. 'बिग बॉस'मध्ये कुणाला किती मतं पडली हे वाहिनी सांगत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका मतानं पडलेल्या माणसाला फेरमोजणी मागता येते, इथे निवेदक विजेत्याचा हात वर करतो आणि संपलं. सूरजला मतं पडली असतील याबद्दल मला शंका नाही. किती, हे कळायला हवं होतं.

मतं आणि पैसे हेही वेगळे. विजेत्याला घेऊन वाहिनीचे तेव्हाचे कार्यक्रमप्रमुख केदार शिंदे यांनी 'झापुक झुपूक' काढला, तो एप्रिल 2025 मध्ये लागला आणि पडला. केबलवाल्याचं भाष्य इथेही तयार होतं: "मत फुकट होतं ना भाऊ. तिकिटाले पैशे लागते."

वेळापत्रकही आपलं नसतं. आधीचे सीझन शंभर दिवसांच्या आसपास चालले, पाचवा सत्तर दिवसांत आटोपला, भर लोकप्रियतेत. ज्या संध्याकाळी तो संपला त्याच संध्याकाळी त्याच घराण्याच्या हिंदी वाहिनीवर अठरावा 'बिग बॉस' सुरू झाला. मराठी भावंडानं जागा करून दिली, असा अर्थ लोकांनी लावला आणि मीही तोच लावतो. सोंगणी, नवरात्र, सुडीवर राखणीला जाणारी माणसं हे वेळ ठरवणाऱ्यांच्या कॅलेंडरमध्ये नसतंच. नावंही तिकडचीच. महेश मांजरेकर सूत्रसंचालक असताना शनिवार-रविवारची 'चावडी' असायची, ती इकडे लगेच कळली. रितेश देशमुखांची आली ती 'भाऊचा धक्का'. माझगावच्या बंदराचा तो श्लेष समुद्रापासून चारशे-पाचशे किलोमीटरवर कुणाला लागणार? मावशी समजत होती, की रितेशभाऊ येऊन सगळ्यांना धक्का देतो, म्हणून ते नाव. ते फारसं चुकलेलंही नव्हतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार ही ॲपं एक झाली. मोबाईलपुरता पॅक तेव्हा तीन महिन्यांचे 149 रुपये. केबलवाला आता फायबर टाकतो आणि नेटच्या पॅकसोबत ॲप विकतो. ज्यानं वायर कापली त्याचाच माल त्याच्या काउंटरवर आहे. नव्या बावीस हजार पेट्यांबद्दल मी त्याला विचारलं, वाशिमला एखादी येईल का? त्यानं तीस वर्षांत कुणाच्या घरी पेटी पाहिली नव्हती. "असन बी. कोनाच्या घरी असन तं थो सांगन काय?" मग थोडा थांबून म्हणाला, "तुमच्या मावशीकडे बसवा म्हना. इमानदारीनं पाह्यते बाई."

दिवाळीनंतर गेलो तेव्हा मावशीला हे सगळं सांगितलं. डिशची छत्री छतावर होती, तिच्या दांड्याला एक टोक बांधून वाळत घालायची दोरी ओढलेली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रातच्याला झोप लागली अन् सकाळी मोबाईलवर पाह्यलं, तं थे धरतेत काय?"

नाही म्हटलं.

"मंग पेटी कायले पाह्यजे?" म्हणाली, आणि फोन चार्जिंगला लावायला आत गेली.