परदेशी आले म्हणून घरचे बुडाले?

21 नोव्हेंबर 2007 रोजी वेम्बलीवर क्रोएशियाने इंग्लंडला 3-2 असे हरवले आणि इंग्लंडची युरो 2008 ची वारी हुकली. प्रशिक्षक स्टीव्ह मॅक्लारेन यांची दुसऱ्याच दिवशी गच्छंती झाली, पण पराभवाचे मोठे खापर फुटले ते प्रीमियर लीगमधल्या परदेशी खेळाडूंच्या डोक्यावर. दाखवायला दाखलेही होते. 1992 मध्ये लीगच्या पहिल्या फेरीत सगळ्या संघांत मिळून ब्रिटन-आयर्लंडबाहेरचे जेमतेम 13 खेळाडू सुरुवातीपासून उतरले होते. 1995 च्या बॉसमन निकालाने युरोपीय संघातल्या खेळाडूंवरची संख्येची बंधने मोडली आणि 1999 च्या नाताळात चेल्सीने अकराच्या अकरा परदेशी उतरवले. फेब्रुवारी 2005 मध्ये आर्सेनलच्या 16 जणांत एकही इंग्रज नव्हता. आपल्या पोरांना मैदानच मिळत नसेल तर देशाचा संघ कशातून उभा राहणार, हा सवाल बिनतोड वाटतो. मात्र तो मान्य करायचा तर परदेशी नव्हते तेव्हा इंग्लंडचा संघ बरा खेळत असायला हवा होता.

तसे दिसत नाही. 1931 पासून इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला दोन वर्षांच्या वास्तव्याची अट होती. तिने दार जवळजवळ बंदच करून टाकले होते. ही अट 1978 मध्ये उठली आणि त्याच वर्षी आर्डिलेस व व्हिया हे अर्जेंटिनाचे खेळाडू टॉटनहॅममध्ये आले. या बंद दाराआडच्या काळातच इंग्लंड 1950 च्या विश्वचषकात अमेरिकेकडून हरले, 1953 मध्ये हंगेरीने त्यांना वेम्बलीवर सहा गोल मारले आणि 1974 व 1978 च्या विश्वचषकांना ते पात्रही ठरले नाहीत. 1966 चे जगज्जेतेपदही याच काळातले, हे कोणी म्हणेल आणि ते खरेच आहे. पण ती स्पर्धा घरच्या मैदानांवर झाली होती, आणि सत्तेचाळीस वर्षांत असे यश एकदाच मिळाले. बंदी गुणवत्ता घडवते असे म्हणायला एवढा आधार फारच तोकडा आहे.

याहून सबळ पुरावा अलीकडचा आहे. सप्टेंबर 2013 मध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांनी धोक्याची घंटा वाजवली. लीगच्या सुरुवातीला सामन्यांत पहिल्या अकरांत उतरणाऱ्यांपैकी 69 टक्के इंग्रज असत, ते प्रमाण आता 32 टक्क्यांवर आले, असे त्यांनी सांगितले. इंग्लंडने युरो 2020 ची उपांत्य फेरी गाठावी आणि 2022 चा विश्वचषक जिंकावा, असे लक्ष्यही त्यांनी ठरवून दिले. विश्वचषक मिळाला नाही. पण इंग्लंडने 2018 च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली आणि पुढच्या दोन्ही युरो स्पर्धांची अंतिम फेरी. गंमत अशी की या सगळ्या काळात इंग्रज खेळाडूंचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपासच घुटमळत होता. बदलले होते ते दुसरेच काही: 2012 मध्ये क्लबांच्या अकादम्यांची प्रतवारी, प्रशिक्षकांची संख्या आणि सरावाचे तास यांची नवी योजना आली, आणि त्याच वर्षी सेंट जॉर्जेस पार्क हे राष्ट्रीय केंद्र उघडले. या योजनेचे फळ आपल्याकडच्या प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात इंग्लंडने गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अमेरिकेला 4-1 ने, तर कोलकात्यात अंतिम सामन्यात स्पेनला 5-2 ने हरवले. स्पर्धेतला सर्वोत्तम ठरलेला फिल फोडेन वाढला तो मँचेस्टर सिटीत, जिथे जगभरच्या नामांकित खेळाडूंची गर्दी होती.

जर्मनीची गोष्ट यापेक्षाही बोलकी आहे. युरो 2000 मध्ये हा संघ एकच गुण घेऊन गटात तळाला राहिला आणि एप्रिल 2001 मध्ये कॉटबसच्या क्लबने बुंडेसलिगात अकरा परदेशी उतरवले. तिथे दाराला कुलूप घालणे अगदी सोपे होते. जर्मनांनी उलट वाट धरली. वरच्या दोन्ही श्रेणींतल्या क्लबांना स्वतःची अकादमी चालवणे बंधनकारक केले आणि 2006 मध्ये युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंवरची मर्यादाच काढून टाकली; बदल्यात स्थानिक पातळीवर घडलेल्या खेळाडूंची किमान संख्या ठरवून दिली. आठ वर्षांनी ते विश्वविजेते झाले.

इटलीचे उदाहरण मर्यादेच्या बाजूने सर्वांत भारी ठरते, म्हणून त्याला बगल देता येणार नाही. 1966 मध्ये उत्तर कोरियाकडून हरल्यावर इटलीने परदेशींना बंदी घातली. 1968 मध्ये युरो जिंकला, 1970 मध्ये विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली. पण त्याच बंदीत 1974 मध्ये संघ गटातच गारद झाला. 1980 मध्ये दार उघडले, प्लातिनी, झिको, मॅराडोना आले, आणि त्यांच्याशी आठवड्या-आठवड्याला झुंजत तयार झालेल्या बचावपटूंच्या पिढीने 1994 मध्ये इटलीला पुन्हा अंतिम फेरीत नेले. पुढे लीग तीच, परदेशींचा भरणाही तेवढाच, आणि इटली जुलै 2021 मध्ये युरोप जिंकते, तर मार्च 2022 मध्ये नॉर्थ मॅसिडोनियाकडून हरून विश्वचषकाला मुकते. अवघ्या आठ-नऊ महिन्यांतल्या या दोन टोकांचा जबाब परदेशींच्या डोकेमोजणीतून मिळत नाही.

देशी खेळाडूने देशातल्याच लीगमध्ये वाढावे लागते, हे या समजुतीमागचे गृहीतकही तपासायला हवे. 2022 च्या विश्वविजेत्या अर्जेंटिनाच्या 26 जणांपैकी मायदेशातल्या क्लबकडून खेळणारा एकच होता, गोलरक्षक फ्रँको अरमानी. उलट रशियाने परदेशींवर मर्यादा घातली, तेव्हा रशियन पासपोर्टलाच भाव आला. घरबसल्या भरघोस पगार मिळत असेल तर परदेशात जाऊन राखीव बाकावरून सुरुवात कोण करणार? 2014 च्या विश्वचषकात रशियाचे सर्व 23 खेळाडू देशी लीगमधले होते आणि संघ एकही सामना न जिंकता परतला. (2018 मध्ये घरच्या मैदानावर तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, हेही नोंदवले पाहिजे.) अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी 2005 मध्ये हेच मांडले होते: खेळाडूंच्या मुक्त वावराने श्रीमंत क्लब अधिक बलाढ्य होतात, पण राष्ट्रीय संघांमधली दरी कमी होते, कारण लहान देशांची मुले मोठ्या लीगमध्ये शिकून परत देशासाठी खेळतात.

स्थानिक पातळीवर घडलेल्या खेळाडूंची किमान संख्या ठरवणारा ‘होमग्रोन’ हा नियमही लोक चुकीचा समजतात. त्यात पासपोर्ट पाहत नाहीत. एकविसाव्या वर्षापूर्वी तीन वर्षे त्या देशाच्या क्लबमध्ये घडला की खेळाडू ‘घरचा’. सोळाव्या वर्षी आर्सेनलमध्ये आलेला स्पॅनिश सेस्क फाब्रेगास याच नियमाने इंग्लंडचा घरचा ठरला.

मग परदेशींनी कोणाचेच नुकसान होत नाही का? होते, आणि ते जागेनुसार होते. जिथे अकादम्या लंगड्या आणि सामने मोजके असतात, तिथे क्लब सर्वांत महाग जागा, म्हणजे स्ट्रायकरची, परदेशीला देतो. भारतात हेच झाले. सुनील छेत्री जून 2024 मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला आणि पुढच्या मार्चमध्ये, चाळिशीत, त्याला परत यावे लागले, कारण त्याच्या जागी गोल करणारा कोणी दिसत नव्हता. ही तक्रार रास्त आहे, पण इलाज म्हणून मर्यादा आणखी आवळावी हे त्यातून सिद्ध होत नाही. इंडियन सुपर लीगने मैदानावरच्या परदेशींची संख्या 2017 मध्ये सहावरून पाचवर आणि 2021 मध्ये चारवर आणलीच होती. त्यानंतर जुलै 2023 मध्ये भारत फिफा क्रमवारीत 99 वा झाला आणि वर्षभरातच 120 च्याही खाली घसरला. जानेवारी 2024 च्या आशियाई चषकात तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. चारचे तीन करण्यापेक्षा पंधरा ते वीस वयाच्या मुलाला वर्षात किती चुरशीचे सामने मिळतात, हे मुंबई सिटी आणि एफसी गोवासह प्रत्येक क्लबला विचारले पाहिजे.