कर्षण-नियंत्रण : मागाहून बसविलेल्या योजनेचे तत्त्व व मर्यादा

१९९२ साली विक्रीस आलेल्या डॉज व्हायपर या अमेरिकन क्रीडामोटारीत ४०० अश्वशक्तीचे, दहा सिलिंडरांचे इंजिन असून ती सारी शक्ती मागील चाकांकडेच जाते. चाकांची घसरण आवरणारी योजना मूळ गाडीत नव्हती. ती मागाहून बसविता येते.

टायर किंचित घसरल्यावाचून रेटा निर्माण होत नाही. कोरड्या रस्त्यावर साधारणतः १० ते २० टक्के घसरणीस रेटा कमाल असतो. त्यापलीकडे तो घटतो व टायरची बाजूची पकडही झपाट्याने ओसरते. म्हणूनच वळणावर गाडीचा मागील भाग बाहेर फेकला जातो.

पुढील चाकांवर इंजिनाचा रेटा नसल्याने त्यांवरून गाडीचा खरा वेग कळतो. तो सेकंदास २० मीटर व मागील चाकांच्या परिघाचा वेग २३ मीटर असल्यास घसरण १५ टक्के ठरते. ठरीव मर्यादा ओलांडताच काही सिलिंडरांचे इंधन क्षणमात्र तोडले जाते. ठिणगी तोडल्यास न जळलेले इंधन धूरनळीतील उत्प्रेरकात पेटून त्यास निकामी करू शकते. यास्तव इंधन तोडणेच श्रेयस्कर.

या गाडीच्या मागील टायरांचा व्यास पुढील टायरांहून सुमारे २ टक्के अधिक आहे. गणितात ही दुरुस्ती न केल्यास मोजलेली घसरण फसवी ठरेल.

तथापि ही योजना घर्षण वाढवीत नाही. केवळ इंजिनाचा रेटा आवरते. वळणात अतिवेगाने शिरलेल्या गाडीस ती वाचवू शकत नाही. चालकास या भेदाचा विसर पडणे, हाच तिच्यातील खरा धोका होय.