वाट राखणारे हात

अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल म्हणजे जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, १४ राज्यांतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट. १९३७मध्ये ती पूर्ण झाली. तिची देखभाल मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात, तेही बिनपगारी.

झाडांवरचे वाट दाखवणारे दोन बाय सहा इंचांचे पांढरे पट्टे रंगवणं हे त्यातलं सोपं काम. खरी झुंज पाण्याशी! उतारावर दगड किंवा ओंडका तिरपा गाडून पावसाचं पाणी वाटेबाहेर काढायचं, नाहीतर वाटेचाच ओढा होतो. ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखलेल्या जंगलांत यांत्रिक करवतीला बंदी; तिथे आडवी पडलेली झाडं हातकरवतीनंच कापतात. पूर्वानुभव नसला तरी चालतो; काम क्लबच शिकवतात.