लंपी चर्मरोग

लंपी चर्मरोग : गाई-बैलांना होणारा व्हायरसजन्य (विषाणुजन्य) सांसर्गिक रोग. ज्वर, लसीका ग्रंथींची सूज व सर्वांगावरील कातडीत उठणाऱ्या टणक गाठी ही त्याची प्रमुख लक्षणे होत. म्हशींना हा रोग क्वचित व सौम्य स्वरूपात होतो. मनुष्यास तो होत नाही. साथीत सामान्यतः १० ते २० टक्के गुरे आजारी पडतात व १ ते ५ टक्के मरतात. मात्र ज्या प्रदेशात रोग नव्याने शिरतो तेथे हे प्रमाण पुष्कळच वाढू शकते. मोठ्या कळपाच्या मालकास या आकड्यांवरून हानीचा अंदाज बांधता येतो. ज्याच्या दावणीला एक गाय व एक बैलजोडीच आहे, त्याला मात्र एक जनावर दगावले तरी ती भांडवलाच्या तिसऱ्या हिश्श्याची हानी असते. म्हणून या रोगाचा विचार लहान पशुपालकाच्या दृष्टीने स्वतंत्रपणे करणे आवश्यक ठरते.

इतिहास व प्रसार : या रोगाची पहिली नोंद १९२९ मध्ये उत्तर ऱ्होडेशियात (आताचा झँबिया) झाली. प्रारंभी तो विषबाधेचा किंवा कीटकदंशाचा परिणाम समजला जाई. १९४३ ते १९४५ या काळात दक्षिण आफ्रिका व शेजारच्या प्रदेशांत साथी आल्यावर त्याचे सांसर्गिक स्वरूप स्पष्ट झाले. १९५७ मध्ये केन्या, १९८८ मध्ये ईजिप्त व १९८९ मध्ये इझ्राएल येथे तो आढळला. २०१३ मध्ये तुर्कस्तानात व २०१५ पासून ग्रीस आणि बाल्कन देशांत तो पसरला. बाल्कन देशांनी सर्व गुरांना सरसकट लस टोचून काही वर्षांतच ही साथ आटोक्यात आणली.

भारतात हा रोग प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला व २०२० मध्ये महाराष्ट्रात पोहोचला. २०२२ मधील साथ सर्वांत भीषण होती. गुजरात व राजस्थानात तिचा जोर विशेष होता आणि त्या वर्षी देशभरात दीड लाखाहून अधिक गुरे दगावली. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात सुरू झालेली साथ काही आठवड्यांतच राज्याच्या बहुतेक भागांत पसरली. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात गाय-बैलांची संख्या सु. १.३९ कोटी होती. संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करण्यात आले; गुरांचे बाजार, शर्यती व प्रदर्शने यांवर बंदी आली.

कारणे व संक्रमण : रोगकारक व्हायरस देवीच्या व्हायरसांच्या कुलातील असून शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या व्हायरसांशी त्याचे अगदी जवळचे नाते आहे. त्याचा प्रसार मुख्यतः चावणाऱ्या माशा, डास व गोचीड यांच्यामार्फत होतो. आजारी जनावराच्या गाठीवर बसलेल्या माशीच्या सोंडेला व्हायरस चिकटतो व पुढील दंशात निरोगी जनावरात शिरतो. लाळ, नाकातील स्राव, वीर्य व दूषित सुई यांतूनही संसर्ग होतो. दूर अंतरावरचा प्रसार मात्र बहुधा जनावरांच्या वाहतुकीने होतो. सूर्यप्रकाशात हा व्हायरस लवकर निष्प्रभ होतो. परंतु वाळलेल्या खपल्यांत तो महिनाभर व अंधाऱ्या, अस्वच्छ गोठ्यात कित्येक महिने टिकून राहतो. पावसाळ्यात व त्यानंतर माशा-डास वाढत असल्याने साथीही त्याच काळात जोर धरतात.

लक्षणे : जनावराला ४०° ते ४१° से.पर्यंत ताप येतो. डोळ्यांतून व नाकातून पाणी गळते, भूक मंदावते, दूध एकाएकी घटते. खांद्यापुढील लसीका ग्रंथी सुजलेल्या हाताला लागतात. त्यानंतर डोके, मान, पाय, कास व जननेंद्रिये यांच्या कातडीवर २ ते ५ सेंमी. व्यासाच्या गोल, टणक गाठी येतात. काहींच्या पायांवर व पोळीवर सूज येऊन जनावर लंगडते. गाठी फुटल्यास जखमा होऊन त्यांत अळ्या पडतात. तोंडात व श्वासनलिकेत व्रण झाल्यास चारा गिळणे व श्वास घेणे कठीण होते. गाभण गाई गाभडतात, तर वळूंमध्ये काही काळ वंध्यत्व येते. लहान वासरांत रोग अधिक तीव्र असतो. गाठी दिसण्यापूर्वीचा ताप हाच पहिला इशारा होय. साथीच्या दिवसांत रोज सकाळी प्रत्येक जनावराच्या अंगावरून हात फिरवून पाहिल्यास रोग लवकर ध्यानात येतो.

गोठ्यातील उपाययोजना : आजारी जनावर वेगळे करणे हा पहिला उपाय होय. ज्याचा एकच गोठा आहे, त्याने आजारी जनावर शेताच्या कडेला स्वतंत्र मांडवाखाली बांधावे. त्याची दावण, पाण्याचे भांडे व दोर वेगळे ठेवावेत. चारापाणी व धारा आधी निरोगी जनावरांच्या, नंतर आजारी जनावराच्या, असा क्रम ठेवावा व शेवटी हातपाय साबणाने धुवावेत. ओले शेण व कुजका पेंढा यांत चावऱ्या माशा अंडी घालतात. म्हणून उकिरडा गोठ्यापासून दूर न्यावा, मूत्राचा निचरा करावा व जमीन कोरडी ठेवावी. सायंकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करणे ही जुनी रीत माशा व डास हटविण्यास साहाय्यक ठरते. गोठा धुण्यासाठी २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट वा २ टक्के फिनॉल वापरतात.

साथीच्या काळात जनावरे विकत घेऊ वा विकू नयेत. नवीन जनावर आणणे अपरिहार्य असल्यास ते २८ दिवस वेगळे बांधावे. सार्वजनिक हौदावर पाणी पाजणे, सामायिक गायरानात चारणे व गावच्या वळूकडे गाय नेणे टाळावे. महाराष्ट्रात सावड व इर्जिक या पद्धतींनी शेतकरी परस्परांच्या शेतावर बैल नेतात. ज्याच्याकडे एकच बैल आहे त्याची शेती या सहकार्यावरच चालते. तथापि साथ असेपर्यंत हा व्यवहार थांबविणे इष्ट. रोगातून उठलेल्या बैलाला जखमा पूर्ण भरेपर्यंत जुवाला जुंपू नये.

उपचार : व्हायरसावर थेट परिणाम करणारे औषध व्यवहारात उपलब्ध नाही. ताप व दाह कमी करणारी औषधे, जखमांतील दुय्यम जंतुसंसर्गासाठी प्रतिजैविके आणि शुश्रूषा यांवर उपचारांचा भर असतो. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. त्यांनी व्हायरस मरत नाही व अकारण वापराने पैसा मात्र खर्च होतो. जखमा पोटॅशियम परमँगॅनेटच्या सौम्य विद्रावाने धुऊन जंतुनाशक मलम लावतात. विड्याची पाने, मिरी, मीठ व गूळ यांचे चाटण, तसेच कडुलिंब व हळद घालून उकळलेले तेल यांचा वापर २०२२ च्या साथीत अनेक ठिकाणी पूरक उपचार म्हणून झाला. तोंड आलेल्या जनावराला मऊ हिरवा चारा, कण्या-कोंड्याची पेज व भरपूर स्वच्छ पाणी द्यावे. बहुसंख्य जनावरे काही आठवड्यांत बरी होतात आणि त्यांपैकी अनेक केवळ नेटक्या सेवेमुळे वाचतात.

लसीकरण : शेळ्यांच्या देवीची लस या रोगापासून बरेच संरक्षण देते व २०२२ मध्ये भारतात तीच मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या सहकार्याने तयार केलेली ‘लंपी-प्रोव्हॅकइंड’ ही लस ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. लस टोचल्यावर संरक्षण निर्माण होण्यास सु. तीन आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत रोग झाल्यास लसीने रोग आणला असा गैरसमज पसरतो. लस निरोगी जनावरांनाच द्यावयाची असते. प्रत्येक जनावरास वेगळी सुई वापरली जाते की नाही, हे पशुपालकाने स्वतः पाहावे. एकच सुई फिरविल्यास लसीकरणच संसर्गाचे साधन बनते. साथ गावाच्या वेशीवर येण्यापूर्वी लस घेणे हेच खरे संरक्षण.

कायदा, भरपाई व समाज : प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधासाठी केलेल्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार रोगाचा संशय येताच ग्रामपंचायतीस वा गावच्या अधिकाऱ्यास कळविणे व जनावर वेगळे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. तरीही रोग लपविण्याकडे कल असतो, व त्यामागे कारणेही असतात : दूध कोणी घेणार नाही, बाजार बंद होईल, कर्जाचा हप्ता चुकेल अशी धास्ती लहान पशुपालकास वाटते. परंतु लपविलेल्या प्रत्येक दिवशी माशा तो रोग शेजारच्या गोठ्यात नेत असतात व तेथून तो त्याच्याच उरलेल्या जनावरांकडे परततो. दुधाविषयीची भीतीही निराधार आहे. हा रोग माणसास होत नाही व नेहमीप्रमाणे उकळलेले दूध पिण्यास योग्य असते.

रोग कळविण्याची धास्ती कमी करण्याचा परिणामकारक मार्ग म्हणजे वेळेवर मिळणारी भरपाई. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने या रोगाने मृत झालेल्या दुभत्या गाईसाठी ३०,००० रु., बैलासाठी २५,००० रु. व वासरासाठी १६,००० रु. अर्थसाहाय्य जाहीर केले. ते मिळण्यास मृत्यूची पशुवैद्यकाकडून नोंद व पंचनामा आवश्यक असल्याने रोग वेळीच कळविणाऱ्याचाच हक्क शाबूत राहतो. मृत जनावराचे कातडे न काढता ते वस्ती व पाणवठ्यापासून दूर, सु. अडीच मी. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

बुळकांड्या या रोगाने एकेकाळी भारतातील गोधनाची अपरिमित हानी केली. लसीकरण, साथीची तत्पर नोंद व वाहतुकीवरील नियंत्रण यांच्या बळावर २०११ मध्ये जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. लंपी चर्मरोग कीटकांमार्फत पसरत असल्याने त्याचे निर्मूलन अधिक कठीण आहे. परंतु साधने तीच आहेत. त्यांपैकी लस शासन पुरवू शकते. पहिला ताप ओळखणे व तो उघडपणे सांगणे हे मात्र गोठ्यातील माणसालाच करता येते.