ईशापूरच्या रायफलीचे ठसे आणि तिची पुंगळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हुगळीच्या काठी, कोलकात्याच्या उत्तरेस, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात आपल्या सैन्यासाठी घडवलेली आणि पुढे सैन्याच्या गरजेतून मोकळी झालेली ७.६२ मिलिमीटरची ‘२ए१’ रायफल आज अमेरिकेतील हौशी नेमबाजांच्या घरी सर्रास आढळते. आपल्याकडे हा बोअर प्रतिबंधित वर्गात मोडत असल्यामुळे सामान्य नागरिकाने ती विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु आपल्याच कारागिरांच्या हातच्या या जिनसेविषयी तिकडे जे समज रूढ झाले आहेत, त्यांपैकी काही निव्वळ अज्ञानाचे असले तरी काही जिवावर बेतणारे आहेत, आणि म्हणून त्यांचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत रुजलेला समज असा की, ही रायफल म्हणजे जुन्या ३०३ ची नळी बदलून केलेली तडजोड होय. बाह्यरूप पाहता हा समज स्वाभाविक आहे, कारण १९०७ सालच्या ली-एनफिल्डचा आराखडाच ईशापूरने कायम ठेवला होता. वस्तुस्थिती अशी की, १९६२ च्या चीन-युद्धानंतरच्या वर्षांत ती नव्याने, अधिक कसदार पोलादाची घडवली गेली. बिनकडेचे काडतूस ओढून काढण्यासाठी तिचा एक्स्ट्रॅक्टर बदलला आणि बारा गोळ्यांचे चौकोनी मॅगझिन तिला बसवले. बोल्टच्या मुठीखाली, जेथे दस्ता पोलादात बसतो त्या भागाच्या उजव्या अंगावर ‘आर.एफ.आय.’ ही कारखान्याची आद्याक्षरे आणि सन कोरलेला दिसतो. आधीच्या ‘२ए’ च्या नेमपट्टीवर २००० पर्यंतचे आकडे होते. ‘२ए१’ वर ते ८०० मीटरांवर थांबतात. एवढ्या खुणांनी ओळख बिनचूक पटते.

मात्र ओळख पटली म्हणजे प्रकृतीही कळली, हा दुसरा आणि अधिक घातक समज. बोल्टवरील आणि नळीवरील क्रमांक जुळले की खरेदीदार निर्धास्त होतो. पण जुळणारा क्रमांक हा, ते दोन भाग एके काळी एकमेकांसाठी पारखून बसवले होते, एवढ्याच गोष्टीचा दाखला आहे. त्यानंतर किती हजार गोळ्या झडल्या याची नोंद कोणत्याही मोहरेत नसते. ईशापूरच्या जुन्या रायफलींच्या पुढच्या लाकडातून आरपार गेलेला स्क्रू पाहून कित्येक जण ते चिरफळलेल्या लाकडाचे ठिगळ समजतात, वस्तुतः तो लाकूड चिरफळू नये म्हणून कारखान्याने मुद्दाम घातलेला आधार आहे. उलट, पुढच्या भागावर तारेचे वेढे असलेली ३०३ शोभेची समजली जाते. ते वेढे हातबाँब फेकण्याच्या कामासाठी घातलेले असत आणि अशा नळीने पुष्कळ ताण सोसलेला असतो. ‘डी.पी.’ हा ठसा तर कवायतीपुरत्या ठेवलेल्या रायफलीचा. तिच्यातून गोळी झाडू नये.

काडतुसाविषयीचा घोळ आकड्यांतून उपजला आहे. ३०८ विंचेस्टर या व्यापारी काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचास ६२,००० पौंड आणि ७.६२ नाटो या सैनिकी काडतुसाचा ५०,००० असे आकडे शेजारी मांडून बारा हजारांचा फरक सांगितला जातो. परंतु पहिला आकडा विद्युत-मापकाचा आणि दुसरा तांब्याचा ठोकळा दाबून मोजण्याच्या जुन्या रीतीचा असल्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करताच येत नाही. खरा फरक लहान आहे. चिंता करावी ती, काडतूस ज्यात बसते त्या कक्षेच्या लांबीची : सैनिकी रायफलीची कक्षा किंचित लांब राखण्याची मुभा असते, व्यापारी पुंगळीचे पितळ बहुधा पातळ असते, आणि या रायफलीचा बोल्ट मागच्या टोकाशी अडकत असल्यामुळे धक्क्याबरोबर थोडा दबतो. तिन्ही गोष्टी एकवटल्या की पुंगळी ताणली जाते. म्हणून हिच्यात सैनिकी ७.६२ वापरणेच इष्ट. कक्षेचे माप ३०३ च्या गेजने घेणे तर सर्वथा व्यर्थ, कारण ३०३ चे काडतूस आपल्या कडेवर टेकते आणि ७.६२ चे खांद्यावर.

आता चाचणीविषयी. रायफल जुन्या टायरला बांधून, लांबून दोरीने चाप ओढला आणि ती फुटली नाही, म्हणजे ती सुरक्षित ठरली, हा समज मला सर्वांत अस्वस्थ करतो. अंतर राखणे योग्यच आहे. परंतु त्या एका बारातून ती त्या वेळी टिकली इतकेच सिद्ध होते. त्याआधी जाणकार बंदूक-कारागिराकडून गेजने माप घ्यावे, नळीतून आरपार प्रकाश पाहावा, साठवणीचे ग्रीस कक्षेतून पूर्ण पुसून काढावे, कारण तेलकट कक्षेत पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सारा धक्का बोल्टवर येतो. बार झाल्यावर पुंगळी उचलून उजेडात फिरवावी : बुडाच्या थोड्या वर सभोवार चकचकीत कडे उमटले असेल, तर टोक वाकवलेली बारीक तार आत घालून त्याच जागी हळूच ओढून पाहावी. तार खाचेत अडखळली, तर पितळ आतून विरले आहे आणि दुसरे काडतूस भरू नये.

शेवटचा गैरसमज तेलाविषयीचा : बार झाल्यावर नळीला तेल लावले की पुरे, असे मानले जाते. आमच्या पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून चालत आलेल्या दारूगोळा कारखान्याची ‘के.एफ.’ ठशाची ३०३ ची जुनी काडतुसे, आणि त्या काळची इतरही अनेक, क्लोरेटयुक्त टोपीची असत. तिच्यापासून नळीत एक प्रकारचे मीठ उरते, ते हवेतली ओल शोषून गंज आणते, आणि मीठ तेलात विरघळत नाही. जुने शिपाई म्हणूनच नरसाळे लावून नळीत कढत पाणी ओतत, मग ती चिंधीने कोरडी करत, आणि तेलाचा हात त्यानंतर फिरवत.