दाराची चौकट आणि जमिनीची ओल

घरांत ओल आली म्हणजे आपली दृष्टि प्रथम छपराकडे जाते. परंतु बाहेरच्या दाराची चौकट खालून कुजूं लागली, तर तिचें कारण बहुधा पायाखालींच असतें. धरमपेठेसारख्या वस्तींत कोठें नवीं घरें उठत आहेत, तर कोठें जुन्यांची डागडुजी चालू आहे. म्हणून या लहानशा वाटणाऱ्या गोष्टीचा आज थोडा विचार करूं.

दिव्याची वात तेल वर ओढते, त्याचप्रमाणें विटांचीं सूक्ष्म छिद्रें जमिनींतील पाणी वर ओढतात. नागपुरांत वर्षाकाठीं सुमारें १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. शहराच्या पश्चिम भागांत पुष्कळ ठिकाणीं काळी माती आहे; ती हें पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. यासाठीं जोत्याच्या माथ्यावर ओल अडविणारा थर घालतात. गवंडी त्याला 'डीपीसी' म्हणतात. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती आणि चार भाग बारीक खडी यांचें सुमारें ४० मिलिमीटर जाडीचें काँक्रीट व त्यावर तापलेल्या डांबराचा लेप, ही त्याची रूढ रीत. बाहेरच्या जमिनीपासून हा थर निदान १५० मिलिमीटर उंच असावा.

आतां खरी अडचण पाहा. हा थर भिंतीखालीं असतो. दाराच्या जागीं भिंत नाहीं, म्हणून तेथें तो बहुधा तोडलेला असतो. नेमक्या त्याच खंडांत सुतार चौकटीचे पाय उभे करतो आणि चौकट हलूं नये म्हणून ते दोन-तीन बोटें फरशींत गाडतो. लांकडाच्या कापलेल्या टोकांतून पाणी जितक्या त्वरेनें शिरतें, तितकें बाजूनें शिरत नाहीं. लांकडांतील ओलाव्याचें प्रमाण वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिलें, कीं कुजविणारी बुरशी कामाला लागते. मागोमाग वाळवीहि येते. मग सागवान आलापल्लीचें असलें तरी तें किती दिवस तग धरणार?

यावर उपाय कठीण नाहींत. दाराच्या रुंदीपुरता हा थर खालीं उतरवून उंबरठ्याच्या दगडाखालून न्यावा व दोन्ही बाजूंच्या थरांना सांधावा. चौकटीचे पाय गाडूं नयेत. ते दगडावर टेकवून लोखंडी खुंटीनें धरावेत. बळकटीचें काम प्रत्येक बाजूच्या तीन लोखंडी होल्डफास्टांवर सोंपवावें. भिंतीला लागणाऱ्या बाजूंना व पायांच्या टोकांना आधींच कोलटार लावावा. उंबरठ्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा.

जुन्या घरांत आणखी एक दोष मागाहून शिरतो. रस्ता उंचावतो, अंगणांत मुरूम पडतो, ओट्यावर नवी फरशी बसते. आणि मुळांत उंच असलेला थर मातीखालीं जातो. अशा वेळीं नुसती चौकट बदलणें म्हणजे रोग ठेवून वस्त्र बदलणें होय. आधीं माती खरवडून थर मोकळा करावा. नंतर कुजलेला पाय कापून तेथें दगडाची बैठक द्यावी. ओल्या लांकडावर तेलरंग मात्र देऊं नये. त्यानें आंतील पाणी कोंडून राहतें.

या थराची मर्यादाहि ओळखून असावें. सप्टेंबर २०२३ मध्यें अंबाझरी तलाव ओसंडून आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलें. अशा पुराला हा थर अडवूं शकत नाहीं, कारण पाणी त्याच्या वरूनच आंत येतें. त्यानंतर भिंती व चौकटी पूर्ण वाळूं देणें हाच मार्ग.

तेव्हां उन्हाळा संपण्यापूर्वीं चाकूचें टोंक चौकटीच्या तळाशीं टोंचून पाहावें. तें सहज आंत गेलें, तर सुतारापूर्वीं गवंड्याला बोलवावें.