विश्लेषण : मॉरिशसमध्ये ‘फक्त मॉरिशियन’ असणे अवघड का?

मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. या बेटावर मूळ रहिवासी असे कोणीच नव्हते. फ्रेंच मळेवाले, आफ्रिका-मादागास्करहून आणलेले गुलाम, १८३४ पासून भारतातून गेलेले गिरमिटिया मजूर, चिनी व्यापारी असे सारेच बाहेरून आलेले. मग या देशाची ओळख कोणती?

नोटांवरून वाद का झाला?

मॉरिशसच्या नोटांवर इंग्रजी, तमिळ, हिंदी असा भाषांचा क्रम असे. १९९८च्या नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर गेली. तमिळ समाज संतापला आणि नोटा मागे घेऊन जुन्या क्रमाने पुन्हा छापाव्या लागल्या. नोटांवरचे चेहरेही असेच मोजूनमापून निवडलेले. २५ रुपयांवर चिनी वंशाचे आ-शुएन, १०० वर तमिळ वंशाचे सीनीवासन, २०० वर मुस्लीम नेते अब्दुल रझाक मोहम्मद, १००० वर क्रिओल नेते गेतां दुवाल, २००० वर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. खिशातल्या पाकिटातच समाजांची वाटणी!

‘बेस्ट लूझर’ पद्धत काय आहे?

संसदेत ६२ सदस्य थेट निवडून येतात. कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांतील पराभूत उमेदवारांना आणखी आठपर्यंत जागा दिल्या जातात. त्यासाठी राज्यघटनेने चार गट केले : हिंदू, मुस्लीम, चिनी आणि ‘जनरल पॉप्युलेशन’. पहिल्या तिघांत न बसणारा तो चौथ्यात, एवढीच त्याची व्याख्या. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगली झाल्या होत्या. अल्पसंख्याकांना हमी हवी होती आणि ती या पद्धतीने दिली, हे नाकारता येत नाही. गंमत अशी, की १९८०च्या दशकापासून जनगणनेत समाज विचारला जात नाही. त्यामुळे जागावाटपाचा हिशेब आजही १९७२च्या आकड्यांवर चालतो.

समाज सांगायचाच नसेल तर?

तर उमेदवारी अर्ज बाद. २००५ मध्ये ‘रेझिस्तांस एक अल्तेर्नातिव’ या डाव्या पक्षाच्या उमेदवारांच्या वाट्याला हेच आले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले आणि २०१२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९७२ची आकडेवारी धरून ही सक्ती करणे मनमानीचे आहे, असे समितीने ठरवले. २०१४च्या निवडणुकीत समाज न सांगण्याची मुभा मिळाली, पण त्या एका निवडणुकीपुरतीच. हा पक्ष नोव्हेंबर २०२४ पासून सत्ताधारी आघाडीत आहे, तेव्हा आता चेंडू त्याच्याच कोर्टात आहे.

सर्वांना जोडणारे काही नाही का?

आहे, क्रिओल भाषा. ८० टक्क्यांहून अधिक लोक घरी तीच बोलतात. तरी संसदेची भाषा इंग्रजी, सदस्यांना हवे तर फ्रेंच. प्राथमिक शाळेत क्रिओल ऐच्छिक विषय म्हणून आली ती २०१२ मध्ये. म्हणजे मराठी, तमिळ, उर्दू यांच्या कितीतरी नंतर.

तेथील मराठी माणसे कुठे बसतात?

राज्यघटनेच्या लेखी ती ‘हिंदू’. प्रत्यक्षात मात्र कोकणातून गेलेल्यांच्या या वंशजांनी आपली मंडळे आणि शाळेतले मराठी वर्ग जपले आहेत. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. विसर्जनाची मिरवणूक समुद्राकडे निघते, तेव्हा आरती मराठीत होते आणि एकमेकांशी गप्पा क्रिओलमध्ये.